गप्प न बसलेल्यांचं स्कॉटलंड

स्कॉटलंडहून आलेल्या आपल्या मंडळींचे फोटो साधारण एकाच साच्यातले असतात. एडिंबराचा किल्ला, लॉख नेसचं काळं पाणी आणि रस्त्याच्या कोपऱ्यावर किल्ट घालून बॅगपाइप फुंकणारा एखादा वादक. आमचीही त्या वादकाशी गाठ पडली, त्याच्या पेटीत पैसेही टाकले. पण आमची यादी वेगळी होती. विसाव्या शतकाची पहिली पंचवीस वर्षं, त्या काळात या छोट्या देशात ज्यांनी उलथापालथ केली ती माणसं, त्यांची घरं आणि रस्ते, एवढंच बघायचं ठरलं होतं. मी समाजशास्त्र शिकवून निवृत्त झाले आणि मुंबई विद्यापीठातल्या त्या विषयाचं एक मूळ एडिंबरात आहे. बरोबर माझी नणंद. तिला मी ताई म्हणते. सरकारी इस्पितळात सिस्टर म्हणून तिची उभी हयात गेली आणि तिला एल्सी इंग्लिस या डॉक्टरीणबाईंचं गाव बघायचं होतं. तिचा मुलगा ग्लासगोत नोकरीला, त्यामुळे राहण्याचा निम्मा प्रश्न सुटलेला.

सोमवार, एडिंबरा

किल्ल्याकडे चढणाऱ्या रस्त्यावर, किल्ल्याच्या जरा अलीकडे उजव्या हाताला एक उंच, माथ्यावर पांढरा घुमट असलेली इमारत आहे. आता तिथे आरशांचे आणि दृष्टिभ्रमांचे खेळ आहेत, पोरांचा कलकलाट असतो. पॅट्रिक गेडिस यांनी १८९२ मध्ये ही वास्तू घेतली तेव्हा तिचं नाव ठेवलं आउटलुक टॉवर. गेडिस शिकले जीवशास्त्र, वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि नाव काढलं नगररचनेत. मनोऱ्याची मांडणी त्यांनी अशी केली होती, की आधी सगळ्यात वर चढायचं, तिथून शहर बघायचं आणि मग एकेक मजला उतरायचं. वर एडिंबरा, त्याखाली स्कॉटलंड, मग इंग्रजी बोलणारे देश, मग युरोप आणि तळाला जग. आधी आपली गल्ली नीट बघा, जगाचं नंतर बोला, असा सरळ हिशेब.

ती मांडणी आता उरलेली नाही. वरचा कॅमेरा ऑब्स्क्युरा मात्र चालू आहे. अंधाऱ्या खोलीत मधोमध पांढरं, किंचित खोलगट गोल टेबल. छतावरच्या भिंगातून आणि आरशातून बाहेरचा रस्ता त्यावर उतरतो, हलता, रंगीत, अगदी मुका. मार्गदर्शक मुलीने ताईच्या हातात कागदाचा कपटा दिला आणि टेबलावरून चालणाऱ्या एका माणसाखाली धरायला सांगितला. कपटा वर उचलला तसा तो माणूसही कागदावर चढून वर आला. त्या बिचाऱ्याला खाली रस्त्यावर पत्ताही नाही. ताईने हा खेळ चार-पाच जणांवर केला.

गेडिस १९१४ मध्ये नगररचनेचं प्रदर्शन घेऊन हिंदुस्थानात निघाले. प्रदर्शनाचं सामान असलेलं जहाज जर्मनांच्या एमडेन या युद्धनौकेने बुडवलं. त्यांनी मित्रांकरवी नवे नकाशे-चित्रं जमवली आणि मद्रासला प्रदर्शन भरवलंच. मग गावोगाव हिंडून अहवाल लिहिले, त्यात आपल्या ठाण्याचाही नंबर लागला. सरकारी अभियंते जुनी वस्ती सरसकट पाडून रुंद रस्ते काढायला निघत. गेडिस म्हणत, पाडायचंच असेल तर कमीत कमी पाडा. एखादं पडकं घर काढा, तिथे झाड लावा, विहीर दुरुस्त करा, माणसांना हुसकू नका. इंदूरला होळकरांच्या संस्थानात प्लेगच्या काळात त्यांनी दिवाळीची मिरवणूक काढायला लावली. जो मोहल्ला सगळ्यात स्वच्छ, तिथून मिरवणूक जाणार म्हटल्यावर लोकांनी आपणहून घरं-अंगणं झाडून काढली. मिरवणुकीत रावणाच्या तोडीचा एक अगडबंब उंदीर होता आणि शेवटी त्याचं दहन झालं. सार्वजनिक आरोग्याची इतकी फक्कड जाहिरात आजच्या कोणत्याही महापालिकेला सुचलेली मला माहीत नाही.

१९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला, त्याचे पहिले प्राध्यापक हेच. बोलताना शब्द दाढीत अडकत, त्यामुळे विद्यार्थ्यांना निम्मं कळत नसे, असं म्हणतात. पण मालवणच्या एका संस्कृतच्या विद्यार्थ्यातली चमक त्यांनी हेरली आणि शिष्यवृत्तीवर इंग्लंडला धाडलं. तो विद्यार्थी म्हणजे गो. स. घुर्ये. १९२४ मध्ये परत येऊन विभागाची सूत्रं त्यांनी घेतली आणि पुढे भारतातल्या समाजशास्त्रज्ञांच्या दोन पिढ्या घडवल्या.

दुपारी सेंट जाइल्स चर्चमध्ये. एल्सी इंग्लिस यांचा स्मृतिफलक तिथे आहे, श्रद्धा, आशा आणि प्रेम यांचे तीन देवदूत कोरलेला. त्याचा आराखडा फ्रँक मिअर्स यांचा आणि हे मिअर्स म्हणजे गेडिस यांचे जावई. एडिंबरा तसं लहान गाव आहे.

एल्सी बाईंचा जन्म १८६४ चा, नैनितालचा. वडील हिंदुस्थानात सनदी नोकरीत. एडिंबरात डॉक्टर झाल्या, जुन्या गावातल्या गरीब बायकांसाठी याच हाय स्ट्रीटवर त्यांनी छोटं प्रसूतिगृह चालवलं. बायकांच्या मताधिकाराच्या चळवळीत होत्याच. १९१४ मध्ये महायुद्ध पेटलं तेव्हा त्यांनी लष्कराच्या कचेरीत जाऊन, फक्त स्त्रियांनी चालवलेली इस्पितळं पुरवायची तयारी दाखवली. उत्तर मिळालं: बाई, घरी जा आणि गप्प बसा. त्या घरी गेल्या आणि मताधिकाराच्या संघटनांमधून पैसा उभा केला. ब्रिटिश लष्कराला नको होतं, फ्रेंचांना आणि सर्बियनांना हवं होतं. पॅरिसजवळच्या रोयोमाँच्या मठात इस्पितळ उभं राहिलं आणि डॉक्टर, नर्स, स्वयंपाकीण, रुग्णवाहिकेची चालक, सगळ्या बायका.

सर्बियात १९१५ मध्ये टायफसने माणसं पटापट मरत होती. ताई फलकासमोर उभी राहून मला टायफस समजावत होती: उवांतून पसरतो, म्हणून औषधाआधी कपडे उकळायचे, केस भादरायचे, जमीन घासायची. "हे काम डॉक्टर सांगतो आणि सिस्टर करते," हेही तिने त्यात घातलं. शत्रूने सर्बिया जिंकल्यावर एल्सी बाई रुग्णांना सोडून हलल्या नाहीत, कैदेत गेल्या, सुटून आल्या आणि पुन्हा रशिया-रुमानियाच्या आघाडीवर गेल्या. तोवर कर्करोगाने पोखरलं होतं. ज्या सर्बियन सैनिकांसाठी गेल्या होत्या त्यांना तिथून हलवल्याशिवाय परतणार नाही, हा हट्ट त्यांनी पुरा केला. २५ नोव्हेंबर १९१७ ला बोट न्यूकॅसलला लागली, दुसऱ्या दिवशी त्या गेल्या.

मंगळवार, क्रेगलॉकहार्ट

शहराच्या नैर्ऋत्येला टेकडीच्या उतारावर पिवळसर दगडाचं एक लांबलचक, जरा उग्र दिसणारं बांधकाम आहे. मूळचं जलोपचाराचं आरोग्यधाम, १९१६ ते १९१९ लष्करी अधिकाऱ्यांचं मनोरुग्णालय आणि आता नेपिअर विद्यापीठाचा परिसर. विद्यार्थी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसतात त्याच दालनाच्या कडेला युद्धकवींचं छोटं प्रदर्शन आहे. खंदकांत तोफांचा मारा सोसून वाचा गेलेले, रात्री किंचाळत उठणारे, पाय धड असून चालता न येणारे तरुण अधिकारी इथे येत.

१९१७ च्या उन्हाळ्यात कवी सिगफ्रीड ससून इथे आला. शौर्यपदक मिळवलेला अधिकारी, पण हे युद्ध मुद्दाम लांबवलं जातंय आणि मी यात यापुढे भाग घेणार नाही, असं त्याने लेखी जाहीर केलं. ते निवेदन पार्लमेंटमध्ये वाचलं गेलं. लष्करी खटला चालवला तर बोभाटा होणार, म्हणून त्याला मानसिक रुग्ण ठरवून इकडे पाठवलं. ससून म्हटल्यावर आपल्याकडचं कुणीही कान टवकारील. मुंबईतलं वाचनालय आणि पुण्यातलं इस्पितळ ज्या डेव्हिड ससून यांच्या नावाने उभं आहे त्यांचा हा पणतू. "म्हणजे आपल्या ससूनचा?" ताई म्हणाली आणि मग त्याची सगळी पत्रं काचेला नाक लावून वाचत बसली.

त्याच्यावर उपचार करणारे डॉक्टर होते विल्यम रिव्हर्स. ओरडून, विजेचे झटके देऊन सैनिकाला 'मर्द' करण्याची पद्धत तेव्हा इतरत्र चालू होती. रिव्हर्स रुग्णाला बोलू देत. विसरायचा प्रयत्न करू नका, जे पाहिलंत ते माझ्याशी बोला, असं त्यांचं म्हणणं. या रिव्हर्सची दुसरी ओळख माझ्या कामाची. १९०१-०२ मध्ये निलगिरीत राहून तोडा जमातीचा अभ्यास करणारे मानवशास्त्रज्ञ तेच. आणि गेडिस यांनी मुंबईहून पाठवलेले घुर्ये लंडनमधून केंब्रिजला गेले ते याच रिव्हर्सच्या हाताखाली. रिव्हर्स १९२२ मध्ये अचानक वारले, घुर्ये यांनी प्रबंध केंब्रिजचेच दुसरे मानवशास्त्रज्ञ हॅडन यांच्याकडे पुरा केला. वर्गात वर्षानुवर्षं मी ही नावं फळ्यावर एकाखाली एक लिहिली. ती माणसं एका बस-मार्गाच्या दोन टोकांना काम करत होती हे फळ्यावर कळत नाही.

कवी विल्फ्रेड ओवेनही तेव्हा इथेच होता. त्याचे डॉक्टर ब्रॉक हे गेडिस यांच्या विचारांचे. त्यांचा इलाज म्हणजे काम: शहर पायाखाली घाला, शाळेत शिकवा, लोकांत मिसळा. ओवेनला त्यांनी इस्पितळाच्या मासिकाचं संपादक केलं, जवळच्या टाइनकासल शाळेत शिकवायला पाठवलं. ससूनने त्याच्या कवितांवर पेन्सिल चालवली. दोघेही बरे होऊन, म्हणजे लष्कराच्या व्याख्येने बरे होऊन, पुन्हा आघाडीवर गेले. ओवेन ४ नोव्हेंबर १९१८ ला पडला, युद्ध संपायला आठवडा होता. त्या इस्पितळाचं यश कशात मोजायचं, यावर ताई आणि मी परतीच्या बसमध्ये चांगल्याच भांडलो. तिचं म्हणणं, रुग्ण झोपायला लागला, जेवायला लागला, म्हणजे इस्पितळाचं काम झालं. पुढचा जबाब इस्पितळाला विचारू नये.

बुधवार, लीथ

लीथ हे एडिंबराचं बंदर. डॅलमेनी स्ट्रीटवर सैनिकांच्या कवायतीचा जुना हॉल आहे. आता तिथे कलाकारांचे स्टुडिओ आणि कॅफे. मसुराचं सूप चांगलं मिळालं. ज्या जमिनीवर आम्ही ते प्यालो तिथे मे १९१५ मध्ये शवपेट्या रांगेने मांडल्या होत्या.

त्या अपघाताचं नाव क्विंटिन्सहिल. जागा इथून बरीच लांब, इंग्लंडच्या सीमेवरच्या ग्रेटनाजवळ, पण मेलेले बहुतेक लीथचे. ७व्या रॉयल स्कॉट्स पलटणीचे जवान गॅलिपोलीला निघाले होते, त्यांची खास गाडी २२ मेच्या पहाटे दक्षिणेकडे चालली होती. क्विंटिन्सहिलच्या सिग्नल केबिनमध्ये पाळी बदलायची वेळ सहाची. दोघा सिग्नलवाल्यांनी आपसात सोय करून ठेवलेली, की दिवसपाळीवाला जेम्स टिन्स्ली साडेसहाच्या सुमाराला, लोकल गाडीने आला तरी चालेल. सहानंतरच्या नोंदी रातपाळीवाला एका कागदावर लिहून ठेवी आणि टिन्स्ली आल्यावर त्या आपल्या अक्षरात वहीत उतरवून घेई, म्हणजे वरच्यांना पत्ता लागायला नको. त्या सकाळी मागून येणाऱ्या एक्सप्रेसला वाट द्यायची म्हणून लोकल समोरच्या, दक्षिणेकडे जाणाऱ्या रुळांवर उभी केली होती. अशा वेळी सिग्नलच्या दांड्यावर एक लोखंडी कडी अडकवायची असते, म्हणजे चुकून दांडा ओढला जात नाही. कडी अडकवली नाही. टिन्स्ली नोंदी उतरवत बसला होता आणि ज्या लोकलमधून तो स्वतः उतरला, जी खिडकीबाहेर उभी होती, तिचाच त्याला विसर पडला. त्याने सैनिकांच्या गाडीला सिग्नल दिला.

ती लोकलवर आदळली. मिनिटभरात उलट दिशेने एक्सप्रेस त्या ढिगाऱ्यात घुसली. डबे लाकडी, दिवे गॅसचे, गॅसच्या टाक्या डब्यांखाली. बाकीचं आगीने केलं. दोनशेहून जास्त माणसं गेली, ब्रिटनच्या रेल्वेच्या इतिहासात याहून मोठा अपघात नाही. दोन्ही सिग्नलवाल्यांना तुरुंगवास झाला, पण १९१६ संपायच्या आत सोडलं आणि रेल्वेने पुन्हा नोकरीवरही घेतलं. माझे वडील मध्य रेल्वेत होते. पाळी बदलताना 'मी येतो थोडा मागाहून, तू बघ' हे किती सहज बोललं जातं ते आमच्या घरात ऐकलेलं आहे. त्यामुळे टिन्स्लीवर एकट्यावर दात खायला मन होईना. उभ्या लोकलच्या इंजिनाच्या फायरमनने केबिनमध्ये येऊन सही करायची असते, तो आला, सही करून गेला, कडी लागली आहे का हे त्यानेही पाहिलं नाही.

रोझबँक दफनभूमीत ओळख न पटलेल्यांना एकत्र पुरलं. उंच केल्टिक क्रॉस आणि मागच्या भिंतीवर ब्राँझच्या पाट्यांवर नावं. आडनावं तीच तीच येतात.

गुरुवार, डंडी

धावती भेट. जायचं ते फोर्थ आणि टे या दोन्ही पुलांसाठी तरी जायचं, रेल्वेत उजव्या बाजूला बसावं. डंडीत डिस्कव्हरी हे जहाज आहे. कॅप्टन स्कॉटच्या पहिल्या अंटार्क्टिक मोहिमेसाठी १९०१ मध्ये इथेच बांधलं, कारण देवमाशांच्या शिकारीसाठी बर्फात टिकणारी लाकडी जहाजं बांधणारे सुतार इथे होते. तागाच्या गिरण्यांचं संग्रहालय जास्त आवडलं. बंगालचा ताग इथे यायचा, देवमाशाच्या तेलाने मऊ करायचा, मग पोती आणि कॅनव्हास. गिरणीत मजूर बहुतांशी बायका, कारण त्या स्वस्त. नवरे बेकार घरी, त्यांना गावात 'किटली उकळणारे' म्हणत. आवाज इतका, की बायका हातवाऱ्यांनी बोलत.

या गावाने विन्स्टन चर्चिलला १९०८ पासून निवडून दिलं आणि १९२२ मध्ये पाडलं. पाडलं कुणी, तर दारूबंदीवाल्या एडविन स्क्रिमजरने, तोही अनेकदा हरून चिकाटीने उभा राहिलेला. प्रचाराच्या दिवसांत चर्चिलचं अपेंडिक्स काढलं होतं. नंतर तो म्हणाला, माझं पद गेलं, जागा गेली, पक्ष गेला आणि अपेंडिक्सही गेलं.

शुक्रवार आणि शनिवार, ग्लासगो

ग्लासगोत भाच्याच्या घरी पिठलं-भात जेवून आम्ही माणसांत आलो.

गार्नेटहिलच्या चढावर मिस ॲग्नेस टोवर्ड यांचं घर आहे, टेनेमेंटमधलं, म्हणजे आपल्या हिशेबाने चाळीपेक्षा बरं आणि फ्लॅटपेक्षा जुनं. त्या एका जहाज कंपनीत टायपिस्ट होत्या. १९११ मध्ये आईबरोबर इथे राहायला आल्या, १९६५ पर्यंत राहिल्या आणि काहीही टाकलं नाही. गॅसचे दिवे, कोळशाची काळी शेगडी, स्वयंपाकघराच्या भिंतीत कोनाड्यासारखी बसवलेली खाट, बिलं, पाककृतींचे कागद, १९२९ मधला प्लमच्या मुरंब्याचा एक डबा. खाटेची उंची बघून ताई म्हणाली, इथे आजारी माणसाचं करणं म्हणजे कंबर गेलीच.

त्याच टेकडीवर वास्तुरचनाकार चार्ल्स रेनी मॅकिंटॉश यांचं आर्ट स्कूल. २०१४ आणि २०१८, दोन आगींनी खाल्लेलं, अजून परांच्यांत. त्यांचं काम बघायचं तर खाली सॉकीहॉल स्ट्रीटवर १९०३ मधलं विलो चहागृह आहे, केट क्रॅन्स्टन या उद्योजक बाईंनी त्यांच्याकडून करवून घेतलेलं. चांदी रंगाच्या उंच पाठीच्या खुर्च्या, जांभळ्या काचा. आतल्या सजावटीत त्यांची बायको मार्गारेट मॅकडोनाल्ड हिचा हात मोठा. मॅकिंटॉश स्वतःच तिला आपल्याहून वरचढ मानत. चहा ठीक. खुर्ची बघायला सुरेख, बसायला नाही.

पण ग्लासगोत मी आले होते गोव्हन या वस्तीसाठी. इथला सबवे म्हणजे एक गोल, बुटके डबे, उंच माणसाचं डोकं टेकतं. गोव्हन स्टेशनच्या बाहेर पडलं की मेरी बार्बर समोरच. ब्राँझची, तोंड उघडं, एक हात पुढे आणि मागे बायका-पोरांची रांग. २०१८ च्या महिला दिनी हा पुतळा बसला, लोकांनी पैसे जमवून.

१९१५ मध्ये क्लाइड नदीकाठच्या जहाजबांधणीच्या आणि दारूगोळ्याच्या कारखान्यांत हजारो कामगार बाहेरून आले, खोल्या मिळेनात, घरमालकांनी भाडी वाढवली. ज्यांचे नवरे आघाडीवर त्यांनाही सोडलं नाही. मेरी बार्बरच्या पुढाकाराने गोव्हनच्या बायकांनी ठरवलं, जुनं भाडं देऊ, वाढीव देणार नाही. प्रत्येक जिन्यात एकीची पाळी. घर रिकामं करायला बेलिफ आला की तिने घंटा वाजवायची, मग सगळ्या मजल्यांवरून बायका हातात असेल ते घेऊन उतरत आणि बेलिफाला पिठाने माखून परत पाठवत. नोव्हेंबरपर्यंत वीस हजारांच्या आसपास घरं भाडं थकवून बसली. १७ नोव्हेंबरला काही भाडेकरूंना कोर्टात उभं केलं, तेव्हा बायकांच्या मोर्चात कारखाने सोडून कामगार मिसळले. युद्ध चालू असताना गोळे बनायचे थांबले तर कसं, या धास्तीने डिसेंबरात पार्लमेंटने कायदाच केला: भाडी ऑगस्ट १९१४ ला होती तिथे गोठवली. तीन वर्षांनी मुंबईतही भाडेनियंत्रणाचा पहिला कायदा आला, तोही युद्धकाळातला. गिरगाव-दादरच्या खोल्या, पागडी, तीन आकडी भाडं आणि गळकं छप्पर हा सगळा वंशवेल त्याच जातीचा. पुतळ्यासमोर उभं राहून मला मेरीबाईंचा अभिमान वाटलाच, पण भाडं गोठलं की दुरुस्तीही गोठते हे परळच्या चाळीत वाढलेल्या ताईला कुणी शिकवायला नको. मेरीबाईही तिथे थांबल्या नाहीत. १९२० मध्ये नगरसेविका झाल्या, धुलाईघरं, मुलांना दूध, संततिनियमनाचं केंद्र यांमागे लागल्या.

शनिवारी जॉर्ज चौक. निम्म्या चौकाला पत्रे ठोकून काम चालू होतं. ३१ जानेवारी १९१९ ला इथे पोलिसांनी कामगारांवर लाठ्या चालवल्या. मागणी आठवड्याला ४० तासांची, म्हणजे सुटून येणाऱ्या सैनिकांना काम उरेल. जमावबंदीचा हुकूम वाचणाऱ्या शेरीफच्या हातातून कुणीतरी कागदच हिसकावला. लाल बावटा फडकला, रात्रीतून सैन्य आलं. रणगाड्यांची कथा मात्र फुगवलेली आहे. ते नंतर आले आणि गुरांच्या बाजारात उभे राहिले. चौक चिरडायला आलेला रणगाडा म्हणून जो फोटो सगळीकडे फिरतो तो आदल्या वर्षीचा, युद्धनिधी जमवण्याच्या कार्यक्रमातला. संपाला ४० तास मिळाले नाहीत, ४७ वर तडजोड झाली. १९२२ च्या निवडणुकीत ग्लासगोच्या १५ पैकी १० जागा मजूर पक्षाने घेतल्या, हा त्या दिवसाचा खरा जमाखर्च.

रविवार, बोटीवर

भाच्याने गाडी काढली. उल्लापूलहून लुईस बेटावर जाणाऱ्या बोटीला पावणेतीन तास लागतात. रविवारी बोट सुटते हेच नवल, २००९ पर्यंत सुटत नव्हती. बेटावर शब्बाथ, म्हणजे रविवारचा धार्मिक विसावा, कडक. स्टॉर्नोवेला उतरलो तर सगळं गाव बंद. बरोबर आणलेली थेपल्याची चवड उपयोगी पडली.

सोमवार, होम पॉइंट

गावापासून चालत जाण्यासारखं आहे. कुरणातून पायवाट, वारा एवढा की बोलणं थांबवावं लागतं. टोकाला स्मारक आणि समोर पाण्यात खडकांचे काळे सुळे. किनारा आणि खडक यांत अंतर इतकं थोडं, की आधी मला वाटलं आपण चुकीच्या जागी आलो.

युद्ध संपलं होतं. नौदलातली लुईसची मुलं नववर्षाला घरी येत होती. नेहमीची टपालबोट भरली म्हणून उरलेल्यांना योलेर या नौदलाच्या नौकेवर घातलं. तिच्यावर माणसं २८०, बचावहोड्यांत जागा १०० जणांची, जाकिटं ८०. १ जानेवारी १९१९ च्या पहाटे दोनच्या सुमाराला, बंदराचे दिवे दिसत असताना, ती या खडकांवर चढली. किनारा वीसेक यार्डांवर. अंगात जाड गणवेश, पायात बूट, पोहता येणारे मोजके. नेस गावचा जॉन मॅक्लाउड दोर घेऊन लाटांत उतरला आणि काठाला लागला. त्या दोराच्या आधाराने चाळीसच्या आसपास माणसं वाचली. एकजण डोलकाठीला धरून उजाडेपर्यंत राहिला. मेले २०१. घराघरांत चुलीपाशी कोरडे कपडे शेकत ठेवले होते.

चौकशीत ज्युरींनी ठपका ठेवला: वेग कमी केला नाही, टेहळणीला माणूस नव्हता. अधिकारी बुडालेले, त्यामुळे विचारायचं कुणाला? बेटावर पुढे कित्येक वर्षं याबद्दल कुणी बोलतच नसे. स्मारकही चारेक दशकांनी झालं. कोकणातल्या खलाशांच्या घरांत रामदास बोटीचं नाव अजून निघतं, इथे मुलांनाही सांगितलं गेलं नाही. ताईने स्मारकावर गावांच्या नावांची गणती केली आणि म्हणाली, आपल्या तालुक्यात असं झालं असतं तर लग्नाला मुलगे उरले नसते. १९२३ च्या एप्रिलमध्ये मेटागामा जहाजातून तीनशेच्या आसपास तरुण-तरुणी कॅनडाला गेले ते याच बंदरातून.

मंगळवार, ग्रेस

स्टॉर्नोवेच्या उत्तरेला ग्रेस गावी रस्त्याकडेला दगडी स्मारक आहे, जमीन बळकावणाऱ्यांचं. सैनिकांना युद्धावर पाठवताना परत आलात की जमीन देऊ असं सांगितलं होतं. १९१८ मध्ये बेटच विकत घेतलं लॉर्ड लेव्हरह्यूम यांनी. हे सनलाइट साबणवाले लेव्हर, आपल्या आजी-पणजीच्या न्हाणीघरात यांच्या वड्या होत्या. त्यांचा बेत मोठा: मासेमारीचा ताफा, बर्फाचे कारखाने, डबाबंद मासळी, रेल्वे, पक्के पगार. त्यासाठी दूध लागणार, म्हणून ग्रेस आणि कोलची मोठी शेतं तोडून द्यायची नाहीत. गावकऱ्यांनी सांगितलं, पगार नको, ज्याची चाकरी करावी लागणार नाही असा जमिनीचा तुकडा हवा. आणि गुरं घेऊन शेतांत शिरले. मला दोन्ही बाजू पटतात, आणि लेव्हरह्यूम लबाड माणूसही वाटत नाही. पण योलेरनंतर चार महिन्यांत लोकांना धीर धरा म्हणणं कुणालाच जमलं नसतं.

पैसा आटला, साहेबांनी लुईस सोडून शेजारच्या हॅरिसवर लक्ष वळवलं आणि १९२३ मध्ये बेट लोकांना फुकट देऊ केलं. स्टॉर्नोवेने घेतलं, तिथला ट्रस्ट आजही रहिवासी मतदानाने निवडतात. बाकीच्या गावांनी नको म्हटलं. मालक झालं की करपट्टी अंगावर येणार, आणि आताचं भाडं तर किरकोळ. त्यांपैकी नेसकडच्या गावांनी तीच जमीन २००७ मध्ये एकत्र येऊन विकत घेतली.

"फुकट मिळत होती तेव्हा नको, आणि चौऱ्याऐंशी वर्षांनी पैसे मोजून?" मी म्हटलं.

"हसू नकोस," ताई म्हणाली. "आपल्या सोसायटीचं कन्व्हेयन्स झालंय का अजून?"